औषध आणि औदासीन्य

औषधाने रोग हटतो, ही लोकांची श्रद्धा रास्तच आहे. परंतु शरीराची व्यथा हरण करणारे औषध क्वचित मनावर मळभही आणते. वैद्यकशास्त्राला याची तीव्र जाणीव करून दिली, ती भारतभूमीतील सर्पगंधेने.

या वनस्पतीचे मूळ येथील वैद्य फार पूर्वीपासून निद्रानाशावर व उन्मादावर देत असत. बिहारात त्याला 'पागल की दवा' असेच नाव पडले होते. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी त्याचे गुण शास्त्रीय नियतकालिकातून मांडले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष इकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून 'रेसर्पिन' हे द्रव्य वेगळे करण्यात आले.

रक्तदाब उतरला, पण काही रुग्णांचे चेहरेही उतरले. झोप मोडावी, अन्नावरची वासना उडावी, जगणे ओझे वाटावे, अशी त्यांची अवस्था झाली. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत रेसर्पिन घेणाऱ्या अशा रुग्णांविषयी अमेरिकेतील डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी १९५४ साली लिहिले. मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन आदी द्रव्यांचा साठा हे औषध रिता करते, असे पुढे आढळले. तेवढ्यानेच खिन्नता येते काय, याविषयी नंतरच्या संशोधकांत मतभेद झाले. रेसर्पिनचा वापरही आता फार थोडा उरला आहे.

धडा मात्र उरला आहे. स्टेरॉइड वर्गातील औषधे किंवा यकृतदाहावर एकेकाळी सर्रास दिले जाणारे इंटरफेरॉन यांनीही काही रुग्णांना औदासीन्य येते. अशा वेळी घरची माणसे 'मन घट्ट कर' असा उपदेश करतात आणि रुग्ण स्वतःलाच दोष देत बसतो. औदासीन्याची कारणे अनेक असतात, हे खरे. पण औषध केव्हा सुरू झाले, मात्रा केव्हा वाढली आणि मन केव्हा खचू लागले, या तारखा शेजारी शेजारी मांडून पाहणे प्रत्येक घराला शक्य आहे.

त्या तारखा डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. औषध मात्र आपल्या मनाने एकदम सोडू नये. स्टेरॉइड तसे सोडल्यास प्राणावरही बेतते. आत्मघाताचा विचार डोकावला, तर रुग्णाला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रक्तदाब मोजणाऱ्याने 'मन कसे आहे?' असेही विचारावे, आणि ज्याला विचारले त्याने संकोच न बाळगता खरे ते सांगावे. चिकित्सेचे हेही एक अंगच आहे.