तळव्यावरील तीळ

तळपायावर तीळ असला म्हणजे प्रवास घडतो, असें म्हणतात. वैद्यकाची दृष्टि निराळी आहे. तुळजापूरच्या वाटेवरील तामलवाडीसारख्या गांवीं अनवाणी राबणाऱ्याच्या तळव्यावर काळा डाग उठला, तर मोडलेला कांटा किंवा कुरूप समजून त्यावर बिब्बा घातला जातो. घात होतो तो येथेंच. मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग भारतीयांत विरळा. परंतु होतो तेव्हां पुष्कळदां तळव्यावर किंवा नखाखालींच.

निरुपद्रवी तीळ बहुधा वाटोळा, एकरंगी, रेखीव कडांचा असतो आणि वर्षानुवर्षें तसाच राहतो. संशयास्पद डाग वेडावांकडा, फाटक्या कडांचा, अनेकरंगी आणि बहुधा ६ मिलिमीटरांहून रुंद असतो. ह्या चार खुणा न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीं १९८५ मध्यें सांगितल्या; ‘बदल’ ही पांचवी २००४ मध्यें जोडली गेली. खरें तर तिलाच पहिला मान हवा! नखावरची काळी रेघ रुंदावून कातडीवर उतरली, तर तीहि तपासून घ्यावी.

केवळ पाहून निदान पुरें होत नाहीं. डाग कापून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात व त्याची खोली मोजतात. ती एक मिलिमीटराच्या आंत असली, तर बहुतेक रोगी शस्त्रक्रियेनेंच बरे होतात. बिब्ब्याच्या जखमेआड मात्र हीं सारीं लक्षणें झांकून जातात, आणि डाग खोल उतरत राहतो.