लाइटबिलात लाइट किती?

आपण मराठी माणसं विजेला लाइट म्हणतो. वीज गेली की 'लाइट गेली' आणि बिल आलं की 'लाइटबिल आलं'. मी तीस वर्षं आयटीआयमध्ये वीजतंत्री शाखेच्या मुलांना शिकवलं, पण घरी मीही लाइटबिलच म्हणतो. या एका शब्दानं आमच्या घरात काय घोटाळा केला, तिथूनच सुरुवात करतो.

२०२३च्या डिसेंबरात पहाटे चारच्या सुमारास माझी आई बाथरूमकडे जाताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. वय ब्याऐंशी. बोळातल्या दिव्याचं बटण तिच्या हाताशी होतं. दवाखान्यात मी काहीसं चिडूनच विचारलं, "अगं, दिवा का नाही लावलास?" ती म्हणाली, "एवढ्याशासाठी कशाला बिल वाढवायचं? तूच तर चिठ्ठी लावली आहेस."

खरं होतं ते. 'काम नसताना दिवा बंद करा' ही चिठ्ठी त्या बटणाच्या वर माझ्याच अक्षरात बरीच वर्षं चिकटवलेली होती. आणि त्याच रात्री, त्याच बोळाच्या टोकाला गीझर चालू राहिला होता. मुलगा उशिरा आला, अंघोळ करून झोपला आणि बटण बंद करायला विसरला. त्याबद्दल मात्र आमच्या घरात कुठं चिठ्ठी नव्हती.

आता हिशेब सांगतो. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतं. वॅट गुणिले तास, भागिले हजार. याहून अवघड काही नाही. एका युनिटला किती पैसे पडतात ते प्रत्येकाचं वेगळं असतं. हिशेब सोपा जावा म्हणून आपण दहा रुपये धरू. बोळातला एलईडी दिवा ९ वॅटचा. तो संध्याकाळपासून सकाळपर्यंत दहा तास जळला तर ९० वॅट-तास, म्हणजे नव्वद पैसे. गीझर २००० वॅटचा. ९० वॅट-तास वीज घ्यायला त्याला तीन मिनिटंही लागत नाहीत. म्हणजे मुलानं एका रात्री तीन मिनिटं आधी गीझर बंद केला असता, तर आईला रात्रभर उजेड मिळाला असता.

पण आईला मी दोष देणार नाही. तिचं गणित एके काळी अगदी बरोबर होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्या गावी घरात रॉकेलची चिमणी होती. पुढं वीज आली ती तीन दिव्यांपुरती. स्वयंपाकघरात ४० वॅटचा, माजघरात ६०चा आणि ओसरीवर एक. पाणी चुलीवर तापायचं, दळण-वाटण जात्या-पाट्यावर व्हायचं. बिलात दिव्यांशिवाय दुसरं काही नव्हतंच. ६० वॅटचा जुना दिवा दहा तास जळला तर सहा दशांश युनिट व्हायचं. तेवढाच उजेड आज ९ वॅटमध्ये मिळतो. जुन्या दिव्यातली बहुतेक वीज उष्णता होऊन जायची. हात लावला तर चटका बसायचा. दिव्यांचा खर्च असा सहा-सात पट उतरला आणि त्याच काळात चुलीवरचं पाणी गीझरमध्ये गेलं. सवय मात्र जिथली तिथंच राहिली, म्हणून मला ती चिठ्ठी काढावीशी कधी वाटली नाही. मुलांना वॅट आणि तास शिकवणारा माणूस मी!

आई दवाखान्यात असताना रात्री जागायला लागायचं. तेव्हा वही घेऊन घरातल्या एकेका वस्तूचा महिन्याचा हिशेब मांडला. थंडीचे दिवस, घरात पाच माणसं. गीझर रोज सव्वा तास धरला, ७५ युनिट. फ्रीज जुना आहे, रोज एक युनिट म्हणजे ३०. वरच्या टाकीत पाणी चढवायची मोटर रोज अर्धा तास, १५. टीव्ही आणि त्याचा सेट टॉप बॉक्स मिळून १९. पंखा थंडीत एकच, १८. इस्त्री १०. कपड्यांचं मशीन थंड पाण्यावर चालतं, त्याचे पाच. मिक्सरचे दोन. मिक्सर ७५० वॅटचा, आवाजही मोठा, पण चालतो रोज पाच मिनिटं. आणि घरातले सगळे दिवे मिळून १५. एकूण १८९. जानेवारीत बिल आलं ते १९३ युनिटांचं. चार युनिटांचा फरक मोबाइलच्या चार्जरांच्या नावावर टाकला.

आता पाहा. ज्या दिव्यांवरून आम्ही घरात वर्षानुवर्षं एकमेकांवर डाफरत आलो, ते १८९मधले १५. पाणी तापवायलाच त्याच्या पाचपट. हे असं का होतं? पाणी तापवणं हे विजेला फार जड काम आहे. १५ लिटरची टाकी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायची तर सहा दशांश युनिट लागतंच, गीझर कुठल्याही कंपनीचा असो. त्यात काटकसर करायची तर एकच वाट, गरम पाणी कमी वापरा किंवा कमी तापवा. एरवी ६० अंशांपर्यंत तापवून त्यात निम्मं गार पाणी मिसळतोच आपण. गीझरच्या बाबतीत आमच्याकडे आता नियम आहे: एकापाठोपाठ एक अंघोळी उरकायच्या आणि शेवटच्यानं बटण बंद करायचं. फेब्रुवारीच्या बिलात वीस युनिटं कमी झाली. हा नियम मोडण्यात मुलगा पहिला आणि, प्रामाणिकपणे सांगतो, दुसरा मी.

दुसरी गोष्ट तासांची. वॅट थोडे असले तरी चोवीस तासांनी गुणलं की आकडा फुगतो. सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद केला तरी चालूच असतो. तो दहा वॅट घेतो असं धरलं तर महिन्याला सात युनिटं होतात, आमच्या सगळ्या दिव्यांच्या जवळजवळ निम्मी. त्याचं बटण भिंतीवर बंद करा. फ्रीज मात्र रात्रीचा बंद करू नका. काही घरांत करतात. त्यानं फार काही वाचत नाही, कारण सकाळी तो पुन्हा सगळं गार करत बसतो आणि दूध नासतं ते वेगळंच. उन्हाळ्यात पंख्यांचं असंच होतं. जुना पंखा ७५ वॅटचा. चार पंखे दहा तास चालले की रोज तीन युनिटं. नवीन बीएलडीसी पंखे ३० वॅटच्या आसपास घेतात. महाग असतात, म्हणून जो पंखा सर्वांत जास्त तास फिरतो तेवढाच आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला बदलू नका.

बिलाच्या टप्प्यांबद्दलही एक गैरसमज ऐकतो, की युनिटं शंभराच्या वर एक जरी गेली तरी सगळं बिल वरच्या दरानं लागतं. तसं नाही. पहिल्या शंभरांना पहिला दर, त्यावरच्यांनाच वरचा. पण याचा अर्थ असाही, की वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातलं असतं.

आई घरी आली, वॉकर घेऊन चालायला लागली. मी सांगितलं, आता बोळातला दिवा रात्रभर राहील. तिला पटेना. नव्वद पैसे म्हटलं तरी पटेना. मग एके दुपारी तिची खुर्ची मीटरसमोर ठेवली. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटाला किती लुकलुका ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं सगळं बंद केलं. लुकलुक थांबली. ती थांबली नाही तर कुठंतरी वीज जाते आहे असं समजावं. एका परिचितांकडे अशीच शोधता शोधता माळ्यावरच्या निकामी बॅटरीला चार्ज करत बसलेला जुना इन्व्हर्टर सापडला होता.

मग बोळातला दिवा लावला. आई बघत बसली. एक मिनिट गेलं, दीड गेलं. "बंद पडलं की काय तुझं मीटर?" दोन मिनिटांनी एकदा लुकलुकलं. त्यानंतर दिवा बंद करून मी गीझर लावला. सेकंदाला जवळजवळ दोन वेळा! आई खुर्चीत पुढं सरकली. "अगं बाई, हा तर पळतच सुटला."

त्या संध्याकाळी मी ती चिठ्ठी काढली. दिव्यालाही तिनं होकार दिला, पण घासाघीस केल्याशिवाय नाही. ९ वॅटचा रात्री डोळ्यांवर येतो म्हणाली. तेव्हा ५ वॅटचा आणला.