बालकर्करोग आणि पेट-सीटी तपासणी



एखाद्या घरातील बालकास कर्करोग झाल्याचे कळताच आप्तेष्ट औषधोपचाराच्या खर्चासाठी धावून येतात. मात्र डॉक्टरांनी ‘पेट-सीटी’ लिहून दिली की, ‘सीटी तर झाली, आता आणखी कशाला?’ असा प्रश्न हमखास उमटतो. प्रश्न गैर नाही, पण त्यापायी तपासणी टाळणे महागात पडते.

सीटी गाठीचे स्थान व आकार दाखविते. गाठ जिवंत आहे की मृत, हे तिला सांगता येत नाही. पेट तपासणीत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. बहुतेक कर्करोगपेशी ती अधिक ओढून घेतात व चित्रात उजळतात. दोन्ही चित्रे वेगवेगळ्या दिवशी काढल्यास मुलाची निजण्याची ढब बदलते आणि ती नेमकी जुळत नाहीत. एकाच बैठकीत काढली की जुळतात. लहानग्यास गुंगीचे औषध लागल्यास तेही एकदाच. असे संयुक्त यंत्र भारतात प्रथम मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २००४ साली आले.

हॉजकिन लिम्फोमात याचे मोल विशेष जाणवते. औषधोपचारानंतरही छातीत गाठ उरलेली दिसते. ती केवळ व्रण आहे असे पेटवरून दिसल्यास अनेक मुलांची किरणोपचारातून सुटका होऊ शकते. वाढत्या वयात त्या किरणांचे परिणाम हृदयावर व थायरॉईडवर पुढे वर्षानुवर्षे राहतात. अर्थात क्षयाची गाठही अशीच उजळते, म्हणून कधी तुकडा काढून तपासावाच लागतो. शिवाय तपासणीतही किरणे असतातच. ती हौसेने करावयाची नव्हे.

मारेगावकरांस यासाठी वणी-वरोरा मार्गे नागपूर गाठता येते. ते औषध ११० मिनिटांत निम्मे होते, त्यामुळे उशीर चालत नाही. मदत देताना तपासणीच्या शुल्काबरोबरच आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्चही धरावा. मुलाला सामान्यतः चार ते सहा तास उपाशी ठेवतात. आजीने मायेने दिलेले एक बिस्कीटही तपासणी बिघडविते. थंडीत पांघरूण न्यावे, कारण गारठ्याने मानेजवळील चरबी उजळून भ्रम होतो. तपासणीनंतर काही तास गर्भवती स्त्री व तान्हे बाळ यांना त्या मुलापासून दूर ठेवावे. आई गर्भवती असल्यास सोबतीला घरातील दुसऱ्या कुणी जावे.