कापडाची रक्तवाहिनी

परंड्यापासून उमरग्यापर्यंत अनेक घरांत पाणी कापडातून गाळतात. मग कापडाच्याच नळीतून रक्त न गळता कसे वाहते?

पोटातली मुख्य धमनी फुगली किंवा तुंबली, तर तिथे डेक्रॉन या पॉलिएस्टर धाग्याची नळी जोडतात. १९५२ साली अमेरिकेत आर्थर व्हुरहीस आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरील कापडी नळीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच दशकात मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉन रूढ केले. विणीतली छिद्रे बुजवण्यासाठी शल्यविशारद रुग्णाचेच थोडे रक्त नळीत मुरवत. ते गोठले की छिद्रे बंद होत. पोकळीतल्या गुठळ्या मात्र काढून टाकाव्या लागत. क्रमही महत्त्वाचा. हे रक्त आधी काढायचे, गोठण रोखणारे हेपॅरिन रुग्णाला नंतर टोचायचे. क्रम उलटला तर नळी पाझरणार. आता बऱ्याच नळ्यांना कारखान्यातच कोलॅजन किंवा जिलेटिनचा लेप देतात, त्यामुळे ही तयारी लागत नाही.

थोडक्यात, नळीच्या भिंतीत गोठलेले रक्त मित्र, पोकळीत गोठलेले वैरी. हा वैरी घरी परतल्यावरही टपलेला असतो. म्हणून तंबाखू-विडी सोडा. बरे वाटते म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका. पाय अचानक गार पडून दुखू लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)