दारावरचे समन्स आणि मुदतीचा हिशेब

बेळगावातील घराला कुलूप लावून एखादा वृद्ध गृहस्थ इंदुरास मुलाकडे राहावयास जातो. मागे त्याच्यावर पैशाचा दावा दाखल होतो. बेलीफ समन्स घेऊन त्या बंद घराशी येतो, दाराला एक प्रत चिकटवितो आणि ‘प्रतिवादी मिळून आला नाही’ असा शेरा मारून परततो. तारखेस प्रतिवादी गैरहजर. दावा एकतर्फी चालून खर्चासह मंजूर होतो. चार वर्षांनी इंदूरच्या न्यायालयाची दरखास्तीची नोटीस हाती पडते, तेव्हा त्या बिचाऱ्याला आपण हरल्याचे कळते! मूळ रकमेखाली वादीची कोर्ट-फी, वकिलाची फी आणि समन्स बजावणीचा खर्चही मांडलेला असतो. जे समन्स त्याने पाहिलेच नाही, त्याचे पैसेही त्यानेच भरावयाचे.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ३५ वे कलम खर्चाचा प्रश्न न्यायालयाच्या विवेकावर सोपविते. तथापि जिंकणाऱ्याचा खर्च हरणाऱ्यावर न टाकल्यास न्यायाधीशाला कारणे लिहावी लागतात, म्हणून सहसा तो हरणाऱ्यावरच पडतो. एकतर्फी हुकूमनामा उभा आहे तोवर हा खर्चही उभाच. तो हलवावयाचा तर हुकूमनामाच रद्द करून घ्यावयास हवा. त्यासाठी नवव्या आदेशाचा तेरावा नियम आहे, आणि अर्जाची मुदत अवघी ३० दिवसांची.

चार वर्षे लोटल्यावर ३० दिवसांचे काय घेऊन बसावयाचे, असे पुष्कळांना वाटते व ते निमूटपणे पैसे भरतात. येथेच घोटाळा होतो. १९६३ च्या मुदत कायद्यातील १२३ व्या अनुच्छेदाप्रमाणे हे दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजावयाचे खरे. पण समन्सची रीतसर बजावणी झालीच नसेल, तर ते हुकूमनामा प्रतिवादीला कळला त्या दिवसापासून मोजावयाचे. अशा माणसाला उशीर झालेलाच नसतो. त्याने माफी मागावयाची नाही, हक्क सांगावयाचा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापून केलेली पर्यायी बजावणीसुद्धा या मोजणीपुरती रीतसर धरावयाची नाही, असे त्या अनुच्छेदातच स्पष्ट म्हटले आहे.

रीतसर बजावणी कोणती, हेही संहितेने बारकाईने सांगितले आहे. प्रतिवादी घरी नसेल व लवकर येण्याचा संभव नसेल, तर कुटुंबातील सज्ञान व्यक्तीकडे समन्स देता येते, घरगड्याकडे नाही. १९७६ पूर्वी ती व्यक्ती पुरुषच असावी लागे. घरातील कर्त्या स्त्रीच्या हाती दिलेला कागद कायद्याला दिसत नसे. दारावर प्रत चिकटविण्यापूर्वी बेलिफाने पुरेसा शोध घेतला पाहिजे, प्रतिवादी त्या घरात सामान्यतः राहत असला पाहिजे, आणि घर कोणी दाखविले, प्रत कोणासमक्ष लावली, हे अहवालात आले पाहिजे. इंदुरास बिऱ्हाड हलविलेल्या माणसाच्या बेळगावातील बंद दाराला ही कसोटी लावून पाहावी. बहुतेक वेळा या जुन्या अहवालाची नक्कलच प्रतिवादीचा पहिला साक्षीदार ठरते.

मात्र पळवाट शोधणाऱ्याची यात सोय नाही. बजावणीत दोष असला, तरी तारीख ठाऊक होती आणि हजर राहण्यास पुरेसा अवधी होता, असे दिसल्यास केवळ त्या दोषापायी हुकूमनामा रद्द होत नाही, अशी तरतूद १९७६ मध्ये घालण्यात आली. शिवाय माहिती झाल्याचा दिवस नेमका सांगावा लागतो. तो चार दिवस पुढे सरकविण्याचा मोह वादीच्या एखाद्या जुन्या पत्राने उघडा पडतो, आणि मग खरी बाजूही खोटी वाटू लागते.

माहिती झाल्यावरही ३० दिवस निसटले, तर मुदत कायद्याचे पाचवे कलम उरते. १९०८ च्या कायद्यात ही सवलत मुख्यतः अपिलांना होती. १९६३ मध्ये ती अशा अर्जांनाही मिळाली. येथे मात्र माफीच मागावयाची असते व पुरेसे कारण दाखवावे लागते. रामलाल विरुद्ध रेवा कोलफील्ड्स या खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अवघ्या एका दिवसाच्या उशिराचा प्रश्न होता. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी निर्णय दिला, की मुदत पुरती वापरणे हा पक्षकाराचा अधिकार आहे. आधीचे दिवस हातावर हात ठेवून का घालविले, हे विचारावयाचे नाही. खुलासा हवा तो मुदत संपतानाच्या व पुढच्या दिवसांचा.

हुकूमनामा रद्द करतानाही न्यायालय अटी घालू शकते. वादीला झालेला खर्च द्यावा, काही रक्कम भरावी, असे सांगता येते. बजावणीच झाली नव्हती त्या माणसावर असा भार टाकताना न्यायाधीशाने हात आखडता घ्यावा, हेच न्यायाला धरून होईल.

इंदूरच्या नोटिशीने गांगरून जाऊन तेथेच ‘समन्स मिळाले नाही’ असा वाद घालण्यात मात्र दिवस फुकट जातात. अंमलबजावणी करणारे न्यायालय हुकूमनाम्याच्या मागे जात नाही; अर्ज द्यावयाचा तो बेळगावासच. तोवर जप्ती थांबावी यासाठी एकविसाव्या आदेशाच्या सव्विसाव्या नियमाखाली इंदूरच्या न्यायालयाकडे वेळ मागता येतो, आणि पुरेसे कारण पटल्यास ते न्यायालय तारण घेऊन वाजवी काळापुरती अंमलबजावणी रोखून धरते.