माँटे कॅसिनोचे मठाधिपती

रोम आणि नेपल्स यांच्या मध्ये, कॅसिनो गावाच्या डोक्यावर, माँटे कॅसिनोचा मठ आहे. संत बेनेडिक्ट यांनी तो इ. स. ५२९ च्या सुमारास स्थापला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्रेगोरिओ दियामारे तेथे मठाधिपती होते. १९०९ पासून मठाची धुरा त्यांच्याकडे होती. भोवतालच्या गावांवरही त्यांचा बिशपसारखा धर्माधिकार चाले. त्यामुळे युद्धाने बेघर झालेली माणसे मठाच्या दाराशी आली, ती हक्काने आली.

ऑक्टोबर १९४३ मध्ये जर्मन सैन्यातील लेफ्टनंट कर्नल श्लेगेल आणि लष्करी डॉक्टर कॅप्टन बेकर यांनी मठातील ग्रंथसंपदा हलवण्याचा आग्रह धरला. शतकानुशतके जपलेला ठेवा परक्या सैनिकांच्या हवाली करायला दियामारे आधी तयार नव्हते. अखेर त्यांनी होकार दिला आणि हजाराहून अधिक प्राचीन हस्तलिखिते लष्करी ट्रकांतून रोमला सुखरूप पोहोचली. बहुतेक साधूही गेले. ऐंशीला टेकलेले दियामारे मात्र मोजक्या साधूंसह आश्रितांजवळ राहिले.

१४ फेब्रुवारी १९४४ रोजी मठ सोडण्याचा इशारा देणारी दोस्तांची पत्रके पडली. जर्मनांशी बोलून १६ तारखेच्या पहाटे निघायचे ठरले. पण १५ च्या सकाळीच बॉम्ब कोसळू लागले. या हल्ल्याची मागणी करणाऱ्यांत चौथ्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती टकर होते; तो डोंगर त्यांच्याच जवानांना चढायचा होता. मठात जर्मन फौज असावी, हा संशय चुकीचा होता. मेले ते आश्रयाला आलेले गावकरी, दोनशेहून अधिक. तळघरात असलेले दियामारे वाचले.

१७ च्या पहाटे ते उरलेल्या सुमारे चाळीस जणांना घेऊन बाहेर पडले. मोठा लाकडी क्रूस बरोबर होता. जखमींना उचलून घेतले होते. खेचरांच्या पायवाटेने, जपमाळेची प्रार्थना म्हणत, ही माणसे डोंगर उतरली. अशा वेळी मठाधिपतीचे पद म्हणजे काय, ते या वाटेवर दिसते. भग्नावशेषांत मग जर्मन छत्रीधारी सैनिकांनी मोर्चे बांधले आणि मे महिन्यापर्यंत तो डोंगर दोस्तांच्या हाती लागला नाही.

सप्टेंबर १९४५ मध्ये दियामारे यांचे निधन झाले. मठ पूर्वीच्याच रूपात पुन्हा उभारला गेला आणि २४ ऑक्टोबर १९६४ रोजी सहावे पोप पॉल यांच्या हस्ते तेथील चर्चचा अभिषेक झाला.