किल्ला : पाहण्याचा आणि खेळण्याचा

(मंडळाच्या दिवाळीपूर्व सभेतील भाषण)



दिवाळीचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी केला असेल. दगडविटांचा ढीग, त्यावर ओले पोते, वर चिखलाचा लेप, अळीव पेरून उगवलेली हिरवळ आणि शिखरावर सिंहासनस्थ शिवाजीमहाराज. हा किल्ला पाहण्याचा. त्यावरचे मावळे जेथे ठेवावेत तेथेच भाऊबीजेपर्यंत उभे असतात. आज मी बोलणार आहे तो खेळण्याच्या किल्ल्याविषयी. ज्या भूमीवर दोन बाजूंची इवली सैन्ये नियमांनी व फाशांच्या दानाने पुढे सरकतात, त्या भूमीविषयी.

हा छंद जुना आहे. राइसविट्झ नामक गृहस्थाने १८१२ साली प्रशियाच्या राजासाठी युद्धखेळाचे एक मेजच घडविले. त्यावर भूप्रदेशाचे सुटे तुकडे जुळवून हवी तशी रणभूमी मांडता येई. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून असाच खेळ सामान्य घरांत नेला.

सुट्या तुकड्यांची ही कल्पना माझ्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसाला फार उपयोगी पडली. एका गावी मुलाने अंगणात किल्ला केला होता. दिवाळी सरते न सरते तोच बदलीचा हुकूम आला. सामान ट्रकवर चढत असता मुलगा किल्ल्यापासून हलेना. “बाबा, हा न्यायचा नाही?” या प्रश्नाला मजपाशी उत्तर नव्हते. पुढील वर्षी आम्ही ट्रंकेत मावेल असा किल्ला करावयास घेतला. निवडला तोही घरापासून दूरचाच : तामिळनाडूतील जिंजी.

महाराजांनी १६७७ मध्ये जिंजी घेतली. बारा वर्षांनी, रायगड मोगलांच्या हाती गेला तेव्हा, राजाराममहाराजांना तिचाच आश्रय झाला. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या व त्यांना जोडणारी तटबंदी, असा हा त्रिकोणी पसारा आहे.

कृती सोपी आहे. थर्मोकोलचे तक्ते एकावर एक, वरचा खालच्याहून लहान, असे चिकटवावेत. त्यासाठी पांढरा फेव्हिकॉलच घ्यावा; रबरी सोल्यूशन किंवा फवाऱ्याचा रंग थर्मोकोल खाऊन टाकतो. त्यावर कणकेच्या खळीत भिजविलेल्या वर्तमानपत्राचे तीन थर द्यावेत. प्रत्येक थर पुरता वाळल्याखेरीज दुसरा देऊ नये. मग गोंद लावून वाळू भुरभुरावी. जिंजीच्या टेकड्या म्हणजे प्रचंड शिळांच्या राशी. म्हणून आम्ही लहान खडे चिकटविले. झुडपांना हिरव्या रंगात बुडविलेले स्पंजाचे कपटे पुरतात. मात्र प्रत्येक चढावर रुपयाच्या नाण्याएवढ्या सपाट पायऱ्या ठेवाव्यात, नाहीतर शिपाई घसरतात. तट पुठ्ठ्याचा, पण सुट्या तुकड्यांत करावा.

येथे प्रमाणाचा प्रश्न येतो. राजगिरी सुमारे ८०० फूट उंच आहे. शिपाई एक इंचाचा धरला, तर त्या मानाने टेकडी बारा फुटांची होईल! आम्ही ती दहा इंचांची केली. या खेळात उंचीबाबत खोटे चालते. पण कोणती टेकडी कोठे, वाट कोठून चढते आणि कोठून काय दिसते, याबाबत खोटे चालत नाही.

मांडणी झाली. मोगलांचा सेनापती झुल्फिकारखान कोणी व्हायचे, हा प्रश्न आला. आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना मुलाने मोगल व्हावे हे रुचले नाही. पण दुसऱ्या बाजूला कोणी बसल्यावाचून खेळ होत नाही, आणि मुलगाच बसला. त्याने तिन्ही टेकड्यांभोवती सैन्य लावावयास सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबला. “बाबा, मला माणसं पुरत नाहीत.”

१६९० साली सुरू झालेला वेढा १६९८ पर्यंत का रेंगाळला, याची अनेक कारणे इतिहासकार देतात. त्यांतील एक अकरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या बोटांनी कळले. शत्रूच्या जागी बसल्यामुळेच त्याला आपल्या माणसांचे बळ मोजता आले. अखेरीस किल्ला पडला, हेही त्याला मी सांगितले. पण त्यापूर्वीच राजाराममहाराज निसटले होते. किल्ला गेला, राज्य राहिले.

२०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा जिंजी. परमुलुखात वाढणाऱ्या आपल्या मुलांना गडांची नावे पाठ असतात, पण चढ ठाऊक नसतो. तो त्यांच्या हातांना ठाऊक व्हावा, म्हणून यंदा प्रत्येक घराने एक टेकडी करून आणावी. त्या येथे जुळवू, आणि मुले दोन्ही बाजूंनी खेळतील. आमची राजगिरी चार बदल्या पाहूनही शाबूत आहे. ती मी आणीन.